बोर्डापुढे मी गुंडी काढली नाही

बकाराम,

तुझ्यासाठी आजवर मी जे काही लिहिलं ते साहेबाला लिहिलं. वर 'सेवेशी सविनय सादर', खाली तुझी पलटणीत शिकलेली वाकडी सही आणि मधे सगळं माझं अक्षर. तुला असं कधी लिहिलंच नाही. गरज काय होती? तुझं घर माझ्या शाळेच्या मागं, हाक मारली तर ऐकू येईल इतक्या अंतरावर. आता हाक मारून उपयोग नाही, म्हणून कागद घेऊन बसलो आहे, आणि साहेबाला लिहिताना झरझर चालणारा माझा हात अडखळतो आहे.

तुला आगीच्या स्वाधीन करून नदीवरून परतताना लोक माझ्याजवळ येत होते. "गुर्जी, तुमी बकारामभाऊसाठी लय केलं. सख्खा भाऊ नाई करत एवढं." एकानं नाही, चार जणांनी म्हटलं. मी मान हलवत राहिलो. त्यांना काय सांगणार होतो? मी तुझं काय केलं ते त्यांना ठाऊक नव्हतं. ते तुझ्यासमोर काढून ठेवल्याशिवाय मला सुटका नाही, आणि काढून ठेवल्यावरही असेल असं वाटत नाही.

तू शाळेत आलास ती दुपार आठवते. पोरं जेवायला गेली होती. तू दाराच्या चौकटीला धरून उभा राहिलास, कारण घरापासून शाळेपर्यंतच्या चालण्यानंच तुला दम लागला होता. मी म्हटलं, बस. तू हात वर केलास, थांब म्हणून. आधी श्वास, मग बोलणं, अशी तुझी पद्धत तोवर पडून गेली होती.

"गणपत, एक अर्ज लिवून दे."

"कशाचा?"

"माहा दम त्याइच्या कामात गेला. थे त्याइनं कागदावर लिवून द्यावं."

"पेन्शन मागायची का?"

"देतीन तं घेऊ, नाई कोन म्हन्ते. पन आधी लिवून पायजे. गावात का म्हन्तात मालूम हाये ना? बकाराम पिऊन पिऊन बसला म्हन्तात. मोहाची दारू म्हने फुप्फुसात गेली! अबे, फुप्फुसात गेली असती तं चढली काऊन असती?"

आणि तू हसलास, आणि हसता हसता खोकलास, आणि चौकट सोडून खालीच बसलास.

तुला काय हवं होतं ते मला त्या दुपारीच कळलं होतं. तुला एक वाक्य हवं होतं. हा माणूस धडधाकट आला होता, आमच्याकडे आजारी पडला. एवढंच. लढाई संपून वर्षं लोटली होती, इंग्रज गेला होता, पण ते वाक्य देणारी कचेरी अजून कुठंतरी होती आणि ते तिच्याकडूनच यायला हवं होतं.

अर्जासाठी म्हणून तू मला बर्माची गोष्ट सांगितलीस. त्याआधी कधी सांगितली नव्हतीस, नंतरही नाही. चांद्याच्या जंगलातली माणसं बांबू तोडण्यात हुशार म्हणून तुम्हाला रस्ते आणि पूल बांधणाऱ्या पलटणीत घेतलं. नदीकाठी तेलाची पिंपं रचलेली होती, त्यांना आग लागली. हुकूम झाला की न पेटलेली पिंपं लोटत नदीत न्या. तुम्ही लोटलीत. रात्र गेली, दुसरा दिवस गेला. "थो धूर नवता गा," तू म्हणालास, "डांबर होतं. आत गेलं तं आतच बसलं. भाहेर निंगाले रस्ताच नाई भेटला त्याले." मग तंबूतलं इस्पितळ. तिथले कागद कुठं गेले ते देव जाणे. तुझ्या सुटकेच्या कागदावर फक्त 'खोकला' असं होतं.

मी अर्ज चांगला लिहिला, बकाराम. ते मी नाकारत नाही. मला अभिमानही वाटला होता.

तू माझ्यासाठी काय केलंस ते कुणाला ठाऊक नाही, कारण तू कधी बोलला नाहीस. मी मास्तरकीचं शिकायला गेलो त्या वर्षी माझा बाप अंथरुणाला खिळला होता. भाताच्या रोवण्याचे दिवस, आमच्या शेतातल्या बांधीत माणूस नाही. तू आपला रोवणा मागं ठेवून आधी आमचा उरकलास. तुझा उशिरा झाला, पाणी ओसरलं, तुझं पीक निम्मं आलं. मी सुट्टीत घरी आलो तेव्हा बापानं सांगितलं. तुला विचारलं तर म्हणालास, "तुह्या बापाच्या शिव्या आयकाले मजा येते बापा, म्हून गेलो." आजही मला पगार मिळतो, मुलं मला गुर्जी म्हणतात, त्याच्या मुळाशी तू गुडघाभर चिखलात वाकून उभा आहेस.

आता बोर्डाचं सांगतो.

पेन्शन ठरवणाऱ्या डॉक्टरांच्या बोर्डानं तुला तपासायला बोलावलं, त्या शहरात मी तुझ्यासोबत आलो. माझ्या अंगावर हेडमास्तरांकडून मागून आणलेला कोट होता. तू त्या कोटाकडे पाहून गाडीत म्हणाला होतास, "सायेब मले तपासन का तुले सलाम ठोकन?" इमारतीला जिने होते. वर पोचेपर्यंत तुझे ओठ काळेनिळे झाले, आणि डॉक्टरनं हिंदीत विचारलेल्या पहिल्याच प्रश्नाला तुझ्या तोंडून शब्द निघेना. त्यानं शिपायाला सांगून तुझ्याबरोबर आलेल्या माणसाला आत बोलावलं.

डॉक्टर वाईट नव्हता. थकलेला होता. बाहेर बाकावर अजून कितीतरी जण बसले होते, कुणाचा पाय नाही, कुणाचा कान गेलेला. त्यानं तुझा सदरा वर केला, छातीवर नळी लावली, आणि मग त्याची नजर खाली गेली. बेंबीच्या भोवती, फासळ्यांच्या खाली, ते जुने गोल डाग. त्यानं पेनाच्या टोकानं एकेकाला स्पर्श केला आणि मला इंग्रजीत विचारलं, हे काय आहे?

मी इंग्रजीत उत्तर दिलं. आमच्या भागात लहान मुलाला धाप लागली की तापलेल्या दाभणानं पोटावर डाग देतात, साहेब. अडाणी लोक आहेत.

तो म्हणाला, म्हणजे याला लहानपणी धाप होती.

मी म्हणालो, असेल, साहेब.

त्यानं लिहिलं. लिहिता लिहिता विचारलं, तुम्ही शिक्षक का? मी हो म्हटलं. तो म्हणाला, बरं आहे, अशा ठिकाणी तुमच्यासारखे हवेत. मी आभार मानले.

हेच ते. मी खोटं बोललो नाही, ही गोष्ट मी स्वतःला इतकी वर्षं सांगत आलो. मुलाला धाप लागली तर डाग देतात, हे खरंच आहे. पण आपल्या गावात धाप लागण्याची वाट कोण बघतं? जन्मलेल्या प्रत्येक पोराला पाचवीच्या दिवशी सुईण डाग देते, रोग येऊ नये म्हणून. पोर ठणठणीत असलं तरी देते. ज्याला दिला नाही त्याच्या आईला बायका बोल लावतात. आपल्या वयाचं एक पोट असं नाही ज्यावर ते नाहीत. आणि त्या खोलीत, त्या टेबलापासून हातभर अंतरावर, त्या कोटाखाली, सदऱ्याखाली, माझ्या पोटावरही ते होते. तेच गोल, त्याच जागी. तुला आणि मला एकाच म्हातारीनं दिलेले. मला तर आयुष्यात धाप कधी लागलेली नाही.

एक गुंडी काढायची होती. कोट बाजूला करून म्हणायचं होतं, साहेब, हे बघा, माझ्याही आहेत. मी निरोगी आहे, हाही निरोगी होता. डॉक्टर हसला असता, नाहीतर चकित झाला असता, आणि खोडून दुसरं लिहिलं असतं. मी ते केलं नाही.

का, ते तुला सांगायचं तर सोपं आहे आणि लाज वाटते. इतक्या मोठ्या हुद्द्याचा माणूस पहिल्यांदा माझ्याशी इंग्रजीत बोलला होता. मी टेबलाच्या त्याच्या बाजूला जाऊन उभा राहिलो होतो. तू एकटा अलीकडे राहिलास, सदरा वर केलेला, धापा टाकत. 'अडाणी लोक' म्हणालो तेव्हा त्या लोकांतून मी स्वतःला वगळून घेतलं. गावात फिरून सुईणीला, बायांना डाग देऊ नका म्हणून सांगणारा मी. शाळा निरीक्षकांनी पाठ थोपटलेला मी. माझ्या पोटावर ते कसे असतील?

जिना उतरताना तुझ्यात बोलण्याइतका दम आला तेव्हा तू विचारलंस, "का इचारत होता गा थो?"

"गाव विचारलं."

"एवढा वेळ? आपलं गाव तं एका दमात सांगून होते." मग थांबलास, कठड्याला धरून. "माह्या दमात नाई. तुह्या."

मी हसलो. मी खरोखर हसलो, बकाराम.

बोर्डाचा निकाल आला तेव्हा तुझ्या ओसरीवर पाहुणे होते. तुझ्या शेवंतासाठी पलीकडच्या गावाचे फागोजी आपल्या मुलाची बोलणी करायला आले होते. अंजनावहिनींनी पोहे केले होते. पोस्टमननं पाकीट दिलं आणि तू ते माझ्या हातात दिलंस, पाहुण्यांसमोर, ऐटीत. "आमचे गुर्जी वाचतीन. सरकारचा कागद हाये." तुला खात्री होती की तुझं वाक्य आलं आहे. पाहुण्यांच्या देखत ते वाचलं जावं, असं तुला वाटलं असणार.

मी मनात वाचून घडी घालून खिशात ठेवायला हवा होता. पण मास्तरची सवय, जे समोर येईल ते मोठ्यानं. मी इंग्रजीचं मराठी करत गेलो. अर्जदाराचा रोग नोकरीमुळे झालेला नाही. तो नोकरीच्या आधीपासूनचा आहे. अंगावर लहानपणीच्या उपचाराच्या खुणा आहेत. शेवटचं वाक्य तोंडातून गेल्यावर मी थांबलो. फागोजीनं पोह्यांची बशी खाली ठेवली.

तू एवढंच विचारलंस, "त्याइले कोनं सांगतलं?"

"डॉक्टरांना दिसतं बघून," मी म्हणालो.

तू माझ्याकडे पाहिलंस. मग फागोजीकडे वळून म्हणालास, "पोहे खा ना गा इवाई, कागदानं पोट भरते का कोनाचं?"

फागोजी व्याही झाले नाहीत. काही दिवसांनी निरोप आला की पोरगी चांगली आहे, कामाची आहे, पण दम घराण्यातला आहे म्हणतात. म्हणतात! कोण म्हणत होतं? एक डॉक्टर म्हणत होता, कारण मी म्हटलं होतं. दारूनं दम गेला ही अफवा पुसायला तू कागद मागितलास आणि मी तुला असा कागद आणून दिला की तो तुझ्या पोरीच्या अंगाला चिकटला. त्यानंतर आणखी दोन ठिकाणची माणसं आली आणि गेली. शेवंता पाणी घेऊन बाहेर यायची, ते तिच्या चालण्याकडे बघायचे, दम लागतो का म्हणून.

आपल्यातला शेवटचा वाद तलावाच्या बांधावर, पाळीवर झाला. अपील करायचं ठरलं होतं. तू चार पावलं चालून बसत होतास, मी उभा. अचानक तुझा चेहरा खुलला.

"गणपत, एक करू. अख्खा गाव नेऊ बोर्डाकडं. बैलगाड्या जुपू. पाटील, कोतवाल, देवळातला पुजारी, सारे. लायनीत उभे करू अन सायेबाले म्हनू, पाहा बापा एकेकाचं पोट. सगळ्याइलेच हाये. मंग सगळे बिमार हायेत का?"

तू माझ्याकडे बोट केलंस.

"अन पयला तू. तू आमच्यात शिकला सवरला. आमचं पोट त्याइले समजत नाई, तुहं पोट इंग्रजीत बोलन."

आणि तू हसायला लागलास. मी हसलो नाही. मी चिडलो. म्हणालो, अपील असं होत नसतं. कायद्याचे मुद्दे असतात. तिथं तमाशा नेऊन चालत नाही.

"मुद्दा पोटावरच हाये ना गा."

"तुला कळत नाही त्यातलं."

तू पाण्याकडे पाहत राहिलास. मग म्हणालास, "बरं. तू लिव तसं लिव. तुले समजते." तुझा आवाज मऊ होता. तोच मला आता झोपू देत नाही. तू रागावला असतास तर बरं झालं असतं.

लहानपणी त्याच तलावात आपण उघडे पोहलो. माझ्या पोटावर काय आहे ते तुझ्याइतकं कुणाला ठाऊक होतं? 'पयला तू' म्हणालास ते गमतीत नव्हतं. तू मला दार उघडून देत होतास. तुला सगळं नसेल समजलं, पण इतकं समजलं होतं की तिथं काहीतरी झालं आणि ते मीच दुरुस्त करू शकतो. तू दोष दिला नाहीस. वाट दिलीस, तीही हसत, मला ओशाळं वाटू नये म्हणून. आणि मी तुला कायदा शिकवला.

अपील मी लिहिलं. धूर लिहिला, पिंपं लिहिली, तुझ्याच तुकडीत असलेल्या एकाला शोधून काढून त्याचं शपथेवर सांगणंही जोडलं. फक्त डागांबद्दल काही लिहिलं नाही. लिहायचं तर मी बोर्डासमोर अर्धंच बोललो होतो हे लिहावं लागलं असतं. खाली माझी सही हवी होती, निरोगी माणूस म्हणून, डाग असलेला. कागद कचेरीत जाणार, कचेरीतून गावात येणार, शिक्षण खात्यात कुणाच्या तरी हाती पडणार. मी मनाशी म्हणालो, बाकीचे मुद्दे भक्कम आहेत, याची गरज पडणार नाही.

मग वाट पाहणं. त्यात आपला जिल्हा मध्यप्रदेशातून मुंबई राज्यात गेला, पाट्या बदलल्या, कुणाकडं चौकशी करायची तेही बदललं. तू दर आठवड्याला बाजाराच्या दिवशी विचारायचास, नंतर विचारणं सोडलंस. निकाल आला तेव्हा तू खाटेवर होतास. त्यात पुन्हा नकार होता, आणि कारणही होतं. अंगावरच्या खुणांबाबत अर्जदारानं काहीच म्हटलेलं नाही.

पहिल्या वेळी जे वाचायला नको होतं ते मी वाचलं होतं. या वेळी हे वाचायला हवं होतं, ते गाळलं. म्हणालो, "नामंजूर झालं, बकाराम. कारण दिलेलं नाही."

तू म्हणालास, "त्याइचंही बरोबर असन. लय लोकं हायेत त्याइच्याकडं."

पुढचे सगळे दिवस मी येत होतो ते तुला सांगायलाच येत होतो. रोज शाळा सुटली की ठरवून यायचो. ओसरीच्या पायरीपर्यंत शब्द तयार असायचे. तू मला पाहिलंस की दंडारीतलं, आपल्या गावच्या नाटकातलं काहीतरी काढायचास. मी राजा झालो होतो आणि संवाद विसरलो होतो आणि तू पडद्यामागून बायकी आवाजात मला सांगत होतास, ते. राजाची मिशी पाणी पिताना गळून पडली, ते. एकेक वाक्याला तुला दोनदा थांबावं लागायचं. तू तुझा उरलेला श्वास मला हसवण्यात घालवत होतास, आणि मी तो घालवू देत होतो, कारण तू बोलत होतास तोवर मला बोलावं लागत नव्हतं. शेवटी शेवटी तुला आडवं होता येईना. उशांना टेकून बसल्या बसल्या रात्री काढल्यास. एका सकाळी शेवंता शाळेत धावत आली. मी खडू खाली ठेवला.

मृत्यूनंतर मी कचेरीत चौकशी केली. तिथल्या कारकुनानं सांगितलं, अर्जदारच गेला तर आता काय उरलं? फाईल बंद.

परवा तुझी तेरवी झाली. पंगत बसली होती, अंगणात, दोन्ही बाजूंनी. फागोजीही आले होते, आपल्याकडं अशा वेळी माणूस जुनं मनात ठेवत नाही. पहिला घास घेण्याआधी मी उभा राहिलो. मी सांगितलं. बोर्ड, डॉक्टर, मी काय बोललो, काय बोललो नाही, अपिलात काय गाळलं. बकाराम निरोगी होता, त्याचा दम लढाईत गेला, घराण्यात काही नाही, असं सांगितलं. आणि मग सदऱ्याच्या गुंड्या काढून पोट दाखवलं. सगळ्या गावासमोर.

कुणी दचकलं नाही. दचकणार कोण? पंगतीच्या टोकाला बसलेली एक म्हातारी म्हणाली, "त्यात का हाये गुर्जी? सगळ्याइलेच हायेत. बसा, भात थंडा होऊन राह्यला."

जे त्या टेबलासमोर एका क्षणात सगळं उलटवू शकलं असतं, त्याला अंगणात काडीची किंमत नव्हती. मी पोट उघडं टाकून उभा होतो आणि लोक मला बसायला सांगत होते.

मी फागोजीकडे पाहिलं. ते खाली मान घालून म्हणाले, "म्या तं तुमच्याच तोंडून आयकलं होतं गुर्जी. मले का मालूम?" थोड्या वेळानं पुन्हा म्हणाले, "पोराचं लगन होऊन गेलं या उन्हाळ्यात." त्यांच्या बोलण्यात राग नव्हता. पलीकडे शेवंता वाढत होती. ती ऐकून थांबली नाही. पुढच्या पानावर वरण वाढत गेली.

माणसं गेली. मी थांबलो. मला वाटत होतं, आता झालं, आता सांगून झालं. ओसरीत बसून राहिलो. अंजनावहिनी आतून आल्या आणि भिंतीशी उभ्या राहिल्या. तुझ्या नात्यानं मला नेहमी भाऊजी म्हणायच्या त्या.

"त्याइले सांगतलं होतं का तुमी हे?"

"नाही."

"एकडाव बी नाई?"

"नाही, वहिनी. रोज सांगणार होतो."

त्या ओरडतील असं वाटलं. ओरडल्या असत्या तर मी पाया पडलो असतो.

"मंग आमाले काऊन सांगतलं?" त्या म्हणाल्या. "ज्याचं होतं थो गेला. आता थे आमी कुठी ठेवावं, गुर्जी?"

ते ठेवायला माझ्याकडेही जागा नाही. म्हणून हे तुला लिहितो आहे, बकाराम, आणि तुला लिहितानाही मला ठाऊक आहे की हे पुन्हा तेच आहे. तुला ऐकू जाणार नाही तेव्हाच माझी जीभ सैल होते. तू क्षमा केली असतीस. तू आधीच केली होतीस, पाळीवर, मी मागितली नसताना. मला तीच तर सहन होत नाही.

एवढं बोलून वहिनींनी शेणाची पाटी आणून जवळ ठेवली. पदर खोचला. मी जिथं बसलो होतो तिथं तुझी खाट असायची.

"उठा आता," त्या म्हणाल्या. "मले इथी सारवाचं हाये."

मी उठलो.